पानावरच्या माणसाला विचारा



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग पाहुणेरावळे, मग वीज नाही... असो. आजचा विषय जरा माझ्या आवाक्याबाहेरचा वाटेल तुम्हाला. चिखलीची निवृत्त मास्तरीण आणि विषय काय तर म्हणे जगभर मदत पोचवणाऱ्या संस्थांचा प्रमुख कसा असावा!

त्याचं असं झालं. माझ्या भाचीची लेक समाजकार्याचं शिक्षण घेते आहे. पुढे तिला अशाच एखाद्या मोठ्या संस्थेत जायचं आहे. रेड क्रॉस, केअर, ऑक्सफॅम, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स अशी नावं तिच्या तोंडात सतत असतात. तिने सगळ्या नातेवाइकांना फोनवर एकच प्रश्न विचारला, "अशा संस्थेचा प्रमुख होणाऱ्या माणसात काय असायला हवं?" कोणी म्हणालं इंग्रजी उत्तम हवं, कोणी म्हणालं मॅनेजमेंटची पदवी हवी, आमचे धाकटे दीर म्हणाले ओळखी हव्यात. मी तिला म्हटलं, मी लिहूनच पाठवते. तेव्हा हे तिच्यासाठी आहे आणि तुमच्यासाठीही.

मला या विषयावर बोलायचा अधिकार काय? एकच. तो म्हणजे मी मदतीच्या पंगतीला पानावर बसलेली आहे.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या गावच्या विहिरी आटल्या, गुरं बाजारात कवडीमोलाने गेली आणि निम्मं गाव खडी फोडायला आणि नालाबांधाच्या कामावर गेलं. महाराष्ट्रभर त्या कामांवर एका वेळी सुमारे ५० लाख माणसं होती असं पुढे वाचलं. सुट्टीत घरी आले की मीही आईबरोबर जायची. कामावर सुकडी मिळायची. आणि रेशनवर यायची ती लाल मिलो! अमेरिकेतून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापताना तडकायची, तव्यावर टाकली की कडा सुटायच्या. तिकडे ती जनावरांना घालतात, असं कोणीतरी सांगितलं आणि आमच्या आजीने ताट सरकवून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनेच ते पुढे ओढलं. भूक ती भूक.

त्याआधी लहानपणी शाळेत दुधाच्या भुकटीचं दूध मिळायचं. पिंपांवर परदेशी अक्षरं असायची. ही 'केअर' म्हणजे १९४५ साली युद्धात होरपळलेल्या युरोपला खाण्याची खोकी पाठवण्यासाठी अमेरिकेत निघालेली संस्था, हे मला शिक्षिका झाल्यावर कळलं. १९५० पासून ती भारतात काम करत होती.

मी उपकार विसरणारी नाही. त्या मिलोने माणसं जगली. पण आज पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर मागे वळून बघताना एक गोष्ट मनात येते. ती मिलो पाठवायची हे ज्यांनी ठरवलं त्यांच्यापैकी एकानेही आमच्या आजीला, "बाई, तुमच्याकडे काय खातात?" असं विचारलं नव्हतं. तिकडून जे आलं ते आलं. आमच्या भुकेची आणि त्या धान्याची वेळ जुळली, इतकंच.

मंडळी, माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. पुढचं फक्त त्याचं स्पष्टीकरण.

दुकानदाराने वाईट माल दिला तर आपण दुसऱ्या दुकानात जातो. आमदार नालायक निघाला तर पाच वर्षांनी त्याला पाडता येतं. पण मदत वाटणारा चुकला तर मदत घेणाऱ्याने करायचं काय? त्याच्याकडे ना पैसा, ना मत. तो फक्त रांग सोडून जाऊ शकतो, आणि रांग सोडणं परवडत नाही म्हणून तर तो रांगेत असतो. संस्थेचा प्रमुख हिशेब देतो तो वरच्यांना. देणगीदारांना, सरकारांना, संचालक मंडळाला, वर्तमानपत्रांना. ते सगळे त्याला काढून टाकू शकतात. पानावर बसलेला माणूस त्याला काढू शकत नाही. म्हणून चांगला प्रमुख मी त्यालाच म्हणेन, जो आपल्याला जाब विचारायची सोय आपणहून त्या माणसाच्या हातात देतो. बाकी इंग्रजी, पदव्या, ओळखी हे सगळं त्यानंतर.

आपल्या जिल्ह्यातल्यांना पंगत समजावून सांगायला नको. शेगावच्या संस्थानाचा कारभार शिवशंकरभाऊ पाटलांनी कित्येक दशकं पाहिला. ४ ऑगस्ट २०२१ रोजी ते गेले. संस्थानाचं पाणीसुद्धा ते घेत नसत, असं इथं लहानथोर सगळे सांगतात. ती काही जगभर मदत करणारी संस्था नव्हे, पण हजारो सेवेकरी एका शिस्तीत कसे वागवायचे याचा धडा तिथे घेण्यासारखा आहे. वाढणाऱ्याने आधी आपलं ताट भरायचं नाही, हा नियम मोठ्याने पाळला की खालचे आपोआप पाळतात.

पण नुसतं निःस्वार्थी असून भागतं का? इथे मला रेड क्रॉसची गोष्ट सांगावीशी वाटते. आम्ही शाळेत हेन्री ड्यूनांचा धडा शिकवायचो, पण धड्यात अर्धीच गोष्ट असायची. २४ जून १८५९ ला इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. कामानिमित्त तिकडे गेलेल्या या स्विस व्यापाऱ्याने हजारो जखमी सैनिक तडफडताना पाहिले. जवळच्या कास्तिल्योने गावातल्या बायका मित्र-शत्रू न बघता सगळ्यांना पाणी पाजत होत्या, पट्ट्या बांधत होत्या. ड्यूनां त्यांच्यात मिसळला. १८६२ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं, १८६३ मध्ये जिनिव्हात पाच जणांची समिती झाली आणि १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार.

इथपर्यंत धड्यात असायचं. पुढचं नसायचं. ड्यूनां व्यवहारात कच्चा. १८६७ मध्ये त्याचं दिवाळं निघालं, लोकांचे पैसे बुडाले, आणि समितीतून त्याला बाहेर पडावं लागलं. त्याच समितीत गुस्ताव मोयनिए नावाचे वकील होते. थंड डोक्याचे, कागदपत्रांत चोख. त्यांनी १८६४ पासून १९१० पर्यंत अध्यक्षपद सांभाळलं. दोघांचं पटलं नाही ते नाहीच. ड्यूनां एका खेडेगावात रुग्णालयाच्या खोलीत विस्मृतीत राहिला, आणि १९०१ साली शांततेचं पहिलं नोबेल त्याला (दुसऱ्या एका गृहस्थासोबत) मिळालं तेव्हा जगाला त्याची आठवण झाली. १९१० सालीच दोघेही गेले, मोयनिए ऑगस्टमध्ये आणि ड्यूनां ऑक्टोबरमध्ये.

वर्गात पोरांना विचारलं असतं की यातला नायक कोण, तर सगळी ड्यूनांचं नाव घेणार. पण रेड क्रॉस टिकली ती मोयनिएंच्या वहीमुळे. पाझर फुटणारं मन आणि पैचा हिशेब ठेवणारी वही, दोन्ही लागतं. दोन्ही एकाच माणसात मिळालं तर भाग्य, नाही मिळालं तर दोन माणसं शेजारी बसवावीत आणि एकमेकांचं ऐकायला लावावीत. जिनिव्हात ते जमलं नाही, आणि एका भल्या माणसाची परवड झाली. आणि हो, त्या कास्तिल्योनेच्या बायका मात्र या सगळ्यात कुठल्याच समितीत नव्हत्या. खरी सुरुवात त्यांनी केली होती!

आता आपल्या माणसाकडे येऊ. परदेशात जाऊन मदतकार्याचं नेतृत्व केलेला मराठी माणूस म्हटला की मला आधी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली, सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, जपानी आक्रमणाखाली भरडल्या जाणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक गेलं. पथकप्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल. त्यात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे विदर्भातल्या लोकांनाही फारसं ठाऊक नसतं. पाचांतले तिघे यथावकाश परतले, डॉ. बसू आणि डॉ. कोटणीस मागे राहिले. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून तिथेच काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १९३९ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली. तेव्हा वय किती? अवघं तीस!

नाव मोठं असलं तरी ते रुग्णालय म्हणजे डोंगराळ मुलखातल्या खेड्यांतून, युद्धाच्या धामधुमीत चालणारं काम होतं. कोटणीसांनी काय केलं, तर चिनी भाषा शिकली. बोलण्यापुरती नव्हे, तर त्या भाषेत विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवण्याइतकी. मला त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर इतरही होते. पण ज्याला आपण मदत करतो त्याच्या भाषेत त्याचं दुखणं ऐकायचं, आणि आपल्यामागे काम चालवणारी माणसं तिथल्याच मातीतून तयार करायची, हे फार थोड्यांना सुचतं. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, फेफऱ्याच्या आजाराने ते गेले. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला आणि स्वतःच कोटणीस झाले. मागच्या पिढीला नाव माहीत आहे ते त्या चित्रपटामुळे.

पण मंडळी, प्रत्येक प्रमुखाने कोटणीसांसारखं प्राण वेचावेत अशी अपेक्षा मी करणार नाही. आपल्याकडे एक खोड आहे. सेवा म्हटली की ती फुकटच हवी, आणि करणारा फाटका हवा. चांगला पगार घेणारा सेवाभावी असूच शकत नाही, असं आपण धरून चालतो. मला हे पटत नाही. शिक्षकाला पगार दिला म्हणून शिकवणं खोटं होत नाही. हजारो माणसांची संस्था चालवणाऱ्याला घरदार असतं. त्याला रास्त पगार द्या, आणि मग कामाचा जाब निर्धास्त विचारा. फुकट काम करणाऱ्याला जाब विचारायला आपली जीभ अडखळते, आणि अडखळलेल्या जिभेचा फायदा घेणारे कमी नसतात.

१९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. लातूर-उस्मानाबादकडची (आता धाराशिव) आठ ते दहा हजार माणसं दगडामातीच्या भिंतींखाली गाडली गेली. सगळा महाराष्ट्र हळहळला आणि गावोगाव मदत गोळा झाली. मी तेव्हा ज्या शाळेत होते तिथेही कपडे जमा झाले. ते निवडायचं काम आम्हा बायकांकडे आलं. काय सांगू! फाटक्या साड्या, बटणं तुटलेले सदरे, एकेकटे बूट, चमकीचे लग्नातले पोलके. ज्यांनी घरदार, लेकरंबाळं गमावली त्यांच्यासाठी! आम्ही त्यातले निम्मे बाजूला काढले तर एक पदाधिकारी रागावले, "देणाऱ्याचं मन दुखवू नका, ट्रक भरलेला दिसला पाहिजे." आणि ट्रक भरून गेला. पुढे किल्लारीकडे जाऊन आलेले लोक सांगत की रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग तसेच पडलेले होते. देणाऱ्याचं मन राखलं गेलं, पण घेणाऱ्याला काय हवं ते विचारायचं राहून गेलं.

त्याच किल्लारीत पुनर्वसनाचं प्रचंड काम झालं. जागतिक बँकेचा पैसा आला, ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, रांगेत घरं, नकाशावर पाहिलं तर सुरेख. पण शेतकऱ्याच्या घराला गोठा लागतो, कडबा रचायला जागा लागते, शेजारी आपली भावकी लागते. हे नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यात कुठून येणार? तिथल्या माणसांना नव्या गावात रुळायला वर्षं लागली.

पण याच भूकंपाने एक चांगली गोष्टही दाखवली. जिथे गावं हलवायची नव्हती, फक्त घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती, तिथे प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावातल्या बायकांनाच 'संवाद सहायक' केलं. चौथी-सातवी शिकलेल्या बायका घरोघर जाऊन सांगू लागल्या की पट्टा कुठे बांधायचा, अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, इंजिनिअरला काय विचारायचं. २००१ मध्ये भूजचा भूकंप झाला तेव्हा याच मराठवाड्यातल्या बायका गुजरातच्या बायकांना धीर द्यायला आणि शिकवायला गेल्या. नंतर त्सुनामीच्या वेळी तामिळनाडूकडेही या कामाचा धागा पोचला. काल पानावर बसलेली बाई आज वाढायला उभी राहिली! प्रेमाताई २०२२ साली गेल्या. पदवीदान समारंभांतून यांच्यासारख्यांची नावं घेतली जायला हवीत.

शांतिलाल मुथ्थांचंही नाव घ्यायला हवं. त्याच भूकंपात त्यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलं पुण्याला नेऊन वाघोलीत त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. भूकंपाची बातमी महिनाभरात शिळी होते, मुलाचं शिक्षण दहा वर्षं चालतं. हीच संघटना २०१८ मध्ये आपल्या बुलडाणा जिल्ह्यात आली ती तलावांतला गाळ काढायला. यंत्रं संघटनेची, डिझेल सरकारचं, आणि गाळ वाहून नेऊन शेतात टाकायचा खर्च शेतकऱ्याचा. मला ही वाटणी आवडली. ज्याचा खर्च होतो तो गप्प बसत नाही. गाळ नीट निघाला का, यंत्र दुपारी का बंद होतं, हे बांधावरचा शेतकरी विचारतो. त्याला विचारायचा हक्क आलेला असतो.

हक्क हा शब्द मी मुद्दाम वापरला. १९७२ च्या दुष्काळातूनच वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि पुढे तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, आणि ते उपकार म्हणून नव्हे. मी म्हणते, जगातल्या मोठमोठ्या मदत संस्थांच्या प्रमुखांनी ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राकडून शिकावी. मदत घेणारा याचक नसून हक्कदार आहे, असं एकदा मानलं की संस्थेचं वागणं मुळापासून बदलतं.

पानावरच्या माणसाकडे पाहून वागायचं ठरवलं की प्रमुखाला पुष्कळदा 'नाही' म्हणावं लागतं, तेही पैसा देणाऱ्याला. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर जगभरातून पैशाचा पाऊस पडला. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सने जानेवारी २००५ च्या पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं की त्सुनामीसाठी आमच्याकडे पुरेसे पैसे जमले आहेत, आता या कामासाठी देऊ नका. ज्यांनी आधीच दिले होते त्यांना, दुसऱ्या संकटांसाठी वापरू का, असं विचारलं. इतर संस्था त्यांच्यावर नाराज झाल्या. मला मात्र हे वाचून आमच्या त्या कपड्यांच्या ट्रकची आठवण झाली. जून २०१६ मध्ये तर निर्वासितांना रोखण्याच्या धोरणाचा निषेध म्हणून त्यांनी युरोपीय संघाचा आणि त्याच्या सदस्य देशांचा पैसाच नाकारला. ज्यांना तुम्ही सीमेवर अडवता त्यांच्याच नावाने तुमचा पैसा कसा घेऊ? प्रश्न सरळ होता. पण तो विचारायला छाती लागते.

उलट उदाहरण ऑक्सफॅमचं. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला. तिथे मदतीला गेलेल्या काहींनी, ज्यांना आधार द्यायचा त्याच देशातल्या बायकांचा गैरफायदा घेतला. संस्थेने २०११ मध्ये आतल्या आत चौकशी केली, काहींना काढलं, तिथल्या प्रमुखाला राजीनामा देऊन जाऊ दिलं. बाहेर पुरतं काही कळू दिलं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते वर्तमानपत्रात आलं तेव्हा एवढी जुनी, नावाजलेली संस्था हादरली, वरच्यांना पायउतार व्हावं लागलं. का लपवलं असेल? संस्थेच्या नावाला बट्टा लागेल, देणग्या आटतील, म्हणजे शेवटी इतर गरिबांचंच नुकसान होईल, असा सोयीचा हिशेब कोणीतरी मांडला असणार. यात नजर कुठे होती? देणगीदाराकडे. पानावरच्या बाईकडे असती तर दुसऱ्या दिवशी सगळं चव्हाट्यावर मांडलं गेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुमचं पानावरचा माणूस, पानावरचा माणूस खूप झालं. तो काय देवमाणूस असतो का? गावात राजकारण नाही का, जात नाही का, तलाठ्याच्या ओळखीचे नाहीत का? अगदी बरोबर आहे. जुलै २०२३ मध्ये आपल्या संग्रामपूर-जळगाव जामोदकडे पूर आला, शेतंच्या शेतं खरडून गेली. त्यानंतर एका गावच्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीने फोनवर सांगितलं, "बाई, यादीत पहिली नावं कुणाची असतात ते तुम्हाला माहीतच आहे." मला माहीत आहे. खूप वेळा बाहेरून आलेला, कोणाचाच नसलेला माणूसच न्यायाने वाटू शकतो. म्हणून तर मी कारभार गावावर सोपवून मोकळे व्हा, असं म्हणत नाही. मी म्हणते, यादी चावडीवर मोठ्याने वाचा. कोणाला किती मिळालं ते भिंतीवर लिहा, आणि चुकलं तर कोणाकडे जायचं त्याचं नाव आणि फोन त्याखाली लिहा. बाहेरच्याचा निःपक्षपातीपणा आणि आतल्यांचे डोळे, दोन्ही हवेत.

मे २०१६ मध्ये इस्तंबूलला मोठी जागतिक परिषद भरली होती. तिथे मोठमोठ्या देशांनी आणि संस्थांनी ठरवलं की २०२० पर्यंत मदतीच्या पैशातला २५ टक्के वाटा शक्य तितक्या थेटपणे स्थानिक संस्थांकडे जावा. २०२० आलं आणि गेलं. तेवढा वाटा काही गेला नाही. सह्या करणाऱ्यांना कोण विचारणार? ज्यांच्यासाठी सह्या केल्या त्यांना त्या कागदाची खबरही नसते.

आणि आता तर फार वाईट दिवस आले आहेत. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि १ जुलै २०२५ पासून त्यांची यूएसएड ही संस्थाच संपली. संयुक्त राष्ट्रांच्या मदत विभागाने जगाकडे वर्षासाठी ४४ अब्ज डॉलर मागितले होते. जून २०२५ मध्ये त्यांनीच यादी छाटली आणि निदान २९ अब्ज तरी द्या, म्हणजे ११ कोटी ४० लाख लोकांपर्यंत पोचू, असं सांगितलं. याचा अर्थ काय होतो कळलं का? उरलेल्यांची भूक संपलेली नाही. त्यांची नावं फक्त पहिल्या यादीतून खाली गेली.

अशा वेळी प्रमुखाची खरी परीक्षा होते. पैसा असताना कोणीही उदार होतो. पैसा नसताना कोणता दवाखाना बंद करायचा, कोणत्या छावणीतलं धान्य निम्मं करायचं, हे त्याला ठरवावं लागतं. मला वाटतं, बंद करायचंच असेल तर त्याने तिथे जाऊन, लोकांसमोर उभं राहून, कारणासकट सांगावं. आणि त्यांना विचारावं, दोनांतलं एकच ठेवता येत असेल तर कोणतं ठेवू? पाणी की दवाखाना? उत्तर त्याच्या अहवालातल्यापेक्षा वेगळं येईल अशी माझी खात्री आहे. आमच्या शाळेत एकदा खर्चाला कात्री लावायची होती तेव्हा वरून सांगितलं गेलं वाचनालय बंद करा. मुलींना विचारलं तर म्हणाल्या, "बाई, गॅदरिंग नको, पुस्तकं राहू द्या."

तेव्हा पोरी, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. उद्या तू अशा एखाद्या संस्थेत मुलाखतीला गेलीस, तर ते तुला प्रश्न विचारतील तेव्हा तूही त्यांना तीन विचार. एक, तुमच्या संचालक मंडळात असं कोणी आहे का, ज्याने कधीकाळी मदतीच्या रांगेत उभं राहून डबा पुढे केला होता? दोन, मागच्या पाच वर्षांत तुम्ही कोणाचा पैसा नाकारलात, आणि का? तीन, छावणीतल्या बाईला तुमच्या साहेबाची तक्रार करायची असेल तर ती कोणाकडे जाते, आणि तिच्या भाषेत ऐकणारं तिथे कोणी आहे का? ही तीन उत्तरं धड मिळाली तर जा, खुशाल जा. नाही मिळाली तरी जा म्हणते, पण मग ते प्रश्न विचारत राहणं हेच तुझं तिथलं काम समज. आणि जाशील त्या देशाची भाषा शिक. कोटणीसांना जमलं, तुला का जमू नये? तुझं इंग्रजी उत्तम आहे, ठाऊक आहे मला. पण भुकेलं माणूस रडतं ते आपल्या आईच्या भाषेत.

फार लांबलं का? सवय आहे, तास संपल्याची घंटा झाल्याशिवाय मी थांबत नसे. ७२ च्या आठवणी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी जरूर लिहा, विशेषतः सुकडी आणि मिलोच्या. ती वाढणारी माणसं कोण होती, कशी होती, हे लिहून ठेवायला आता आपणच थोडे उरलो आहोत. आणि ज्यांना माझं म्हणणं पटलं नसेल त्यांनीही अवश्य लिहा. धाकटे दीर लिहितीलच!

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.